मोठीची खुंटी

झबलं पिवळं होतं, माझ्या मुठीत मावेल एवढं, आणि ते माझ्या होणाऱ्या बाळासाठी आलेलं होतं. आईने ते पिशवीतून काढलं, झटकलं, उलटं करून शिवण पाहिली आणि कपाटाशेजारच्या खुंटीला अडकवलं. मी पलंगावरून पाहत होते. डॉक्टरणीने मला पडून राहण्यापलीकडे दुसरं काही करायला बंदीच घातली होती.

"काढ ते तिथून," मी म्हटलं.

"राहू दे की. उद्या काढते."

"आत्ता काढ."

"एका दिवसाने तुझं काय बिघडतं?" असं म्हणून आई चहा टाकायला निघूनसुद्धा गेली.

खुंटीचं आधी सांगायला हवं, नाहीतर चाळिशीला टेकलेली, कॉलेजात शिकवणारी बाई एका झबल्यावरून अशी का खेकसते असं वाटायचं. ती खुंटी मोठीची. मोठी म्हणजे माझी बहीण. माझ्या जन्माआधी, पाच वर्षांची असताना ती तापाने गेली. तिचा हात पोचावा म्हणून बाबांनी ती खुंटी खाली, मोठ्या माणसाच्या कमरेच्या जरा वर ठोकली होती, आणि तिच्यावर तारेचा एक लहान मुलांचा हँगर कायमचा अडकवलेला असे. आमच्या घरात नियम असा की माझ्यासाठी काहीही नवं आलं, फ्रॉक असो, गणवेश असो, रेनकोट असो, ते आधी एक दिवस मोठीच्या खुंटीला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ते काढून माझ्या हातात द्यायची. याचं कारण कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी आपलं समजून चालले, की पहिला मान तिचा. मला मिळतं ते तिचं उष्टं. "जन्मात मी कोरं कापड अंगाला लावलेलं नाही," असं लग्नानंतर नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला, आणि मग माझं तोंड बघून त्याने हसू आवरलं.

शिवाय मला सगळे धाकटी म्हणतात. एकुलत्या एका मुलीला धाकटी म्हणणारं दुसरं घर माझ्या तरी पाहण्यात नाही. शेजारी कोणी नवं राहायला आलं की हमखास विचारायचं, "मग मोठी कुठे असते?" आणि आई तितक्याच सहज सांगायची, "असते की." पुढे काही विचारायची कोणाची छाती व्हायची नाही. दूध उतू गेलं, भांडं पडलं, की आई म्हणे, "मोठी रुसली वाटतं." ती हे हसून म्हणायची. मला कधी हसू आलं नाही.

लग्नाला इतकी वर्षं झाली, दोघांनी आशा सोडली, आणि मग हे बाळ राहिलं. जपायला हवं होतं. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट इमारत बांधल्यापासून बिघडलेली, नवरा दूरच्या एका नदीवर पूल बांधण्यात गुंतलेला. डॉक्टरणीने जिने बंद केले. आईबाबांचं घर तळमजल्यावर. म्हणजे जिथे मूल घेऊन मुळीच यायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं, तिथेच मला येऊन पडावं लागलं. फोनवर बातमी सांगितली तेव्हा आई म्हणाली, "येतेय म्हण की ती." मुलगा की मुलगी हे डॉक्टरणीलाही माहीत नव्हतं. ती म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. मी तेव्हाच ठरवलं, माझं मूल कोणाच्या मागून आलेलं नसेल आणि कोणाच्या जागेवर बसणार नाही. ते पहिलं असेल. त्याचा एकही धागा त्या खुंटीला लागू देणार नाही.

आणि मी इथे आल्यापासून आठवडाभरात पिवळं झबलं तिथे लटकत होतं.

संध्याकाळी आई भाजी आणायला गेली तशी मी उठले आणि ते काढून उशीखाली ठेवलं. सकाळी उशी झटकताना आईला ते सापडलं. मी अंघोळ करून आले तर झबलं पुन्हा खुंटीला.

"तुला कळत कसं नाही?" मी ओरडलेच. "माझं पहिलं मूल आहे हे!"

"पहिलंच आहे गं. नाही कोण म्हणतंय?"

"मग त्याचं सगळं आधी तिला कशाला?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला पाणी ओलं का असतं हे विचारलंय. "बरं, ओरडू नकोस. तुला झेपत नाही," ती म्हणाली. झबलं तिथेच राहिलं, दुसऱ्या दिवशी मी ते हातात घ्यायला नकार दिल्यावर तर कायमचंच. पण नवऱ्याने पाठवलेला एक लोकरीचा कोट होता, निळा, लाकडी गुंड्यांचा, तो मी कोणाला न दाखवता बॅगेत तळाशी घालून बॅगेला कुलूप लावलं. किल्ली गळ्यात. माझी गंमत वाटेल कोणाला. मला वाटत नव्हती.

आता बाबांविषयी. बाबा लोकसंख्येचे प्राध्यापक. इतर मुलींचे वडील त्यांना राजाराणीच्या गोष्टी सांगत. माझ्या वडिलांनी सकाळच्या नाश्त्याला मला माणसं मुलं का जन्माला घालतात ते सांगितलं. पावाचे तुकडे मांडून त्यांनी एका जुन्या पाद्र्याचं म्हणणं समजावलं, की खाणारी तोंडं दुपटीने वाढतात आणि धान्य मात्र एकेका घासाने, म्हणून उपासमार, रोगराई आणि लढाया येऊन हिशोब मिटवतात. माझ्या बशीतला पाव तेवढ्यात संपलेला असायचा आणि मला खरोखर भीती वाटायची. मग दुसरे लोक आले. ते म्हणाले, मूल म्हणजे नुसतं तोंड नाही, दोन हातही असतात. शेतात, दुकानात मुलं कमावतात, आईबापांना म्हातारपणी सांभाळतात, म्हणून गरीब माणूस मुलं वाढवतो, त्याला वेडा म्हणू नका. मग शाळा आली. पैसा मुलांकडून आईबापांकडे यायचा तो उलटा वाहू लागला, आणि पाळणे कमी झाले. मग एकाने मुलाला सरळ फ्रिज आणि मोटारीच्या रांगेत बसवलं. तो म्हणाला, मिळकत वाढली म्हणून माणूस चार फ्रिज घेत नाही, एकच घेतो पण चांगला घेतो. मुलांचंही तसंच. हे ऐकून आईने उलथनं आपटलं होतं ते मला अजून आठवतं.

पण बाबांचं नाव झालं ते भरपाईमुळे. ऐन उमेदीत त्यांनी घरोघर फिरून, मूल गेलेल्या बायांशी बोलून, एकच गोष्ट मोजली. मूल गेलं की आईबाप त्याच्या जागी दुसरं जन्माला घालतात का? त्यांचं उत्तर आलं, पाच गेली तर तीन येतात. जी एरवी आलीच नसती अशी तीन. त्यांना बाबांनी नाव दिलं, भरपाईची मुलं. हा तक्ता आजही पाठ्यपुस्तकात आहे. मी स्वतः विद्यार्थिनी म्हणून तो पहिल्यांदा वर्गात पाहिला, तेव्हा शिकवणारे सर हजेरी घेत असल्यासारखं वाटून माझा हात वर जायचा राहिला होता. त्या तिघांतली एक मी.

मला लहानपणीच ते कळलेलं होतं, शब्द फक्त नंतर मिळाला. सहावा वाढदिवस मला लख्ख आठवतो. मोठी पाचाची होऊन थांबली होती. मी सहाची झाले म्हणजे धाकटी असून मोठीपेक्षा मोठी झाले. आई त्या दिवशी खोलीतून बाहेरच आली नाही. बाबांनी बेकरीतून केक आणला, दोघांनी मिळून खाल्ला, आणि ते मला म्हणाले, "हळू बोल." मी नवा फ्रॉक घातला होता, आदल्या दिवशी खुंटीवर राहिलेला. मला वाटत होतं की कोणीतरी पाठीमागून त्याची कड धरलीये, आणि मी चालले की ते सोडत नाहीये. तेव्हापासून मी माझं वाढणं जरा चोरूनच केलं.

पुढे मीही तोच विषय घेतला. त्याच विभागात लागले, बाबा ज्या फळ्यावर लिहायचे त्याच फळ्यावर लिहिते. का, हे मला विचारू नका. भरपाई शिकवताना एक मेख मी दर वर्षी मुलांना दाखवते. मृत्यूनंतर जन्मलेलं प्रत्येक मूल भरपाईचं नसतं. काही मुलं मोठं भावंड जाण्याआधीच पोटात असतात, ती काही कोणाच्या जागी आलेली नसतात. म्हणून मृत्यूपासून पुढचे नऊ महिने वजा करा, मगच मोजा. बाबांनी ही वजाबाकी केली नव्हती. त्यावरून त्यांना लेखांतून, परिषदांतून भरपूर झोडपलं गेलं. साधी गोष्ट होती, एका दुपारचं काम. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणायचे, "पण मी करणार नाही." म्हाताऱ्याचा हेका म्हणून लोकांनी सोडून दिलं. मीही सोडून दिलं.

आणि गंमत पाहा. जगभरच्या बायांना 'नक्की कधी? कोणत्या महिन्यात?' असं खोदून विचारायला मी मुलांना शिकवते, आणि माझ्याच घरात मी ते कधी विचारलं नाही. मोठी 'तुझ्या आदल्या वर्षी' गेली, एवढं मला पुरलं. तिचा वाढदिवस घरात असायचा, जाण्याचा दिवस नसायचा. विद्यार्थ्यांच्या पेपरात मी ज्या चुकीला गुण कापते ती चूक आयुष्यभर माझ्याच नावावर होती.

दुपारी घर शांत होई. बाबा पुढच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात, आणि मधल्या खोलीत मी आणि ती खुंटी. खिडकीतून वारा आला की तारेचा हँगर भिंतीवर आपटायचा. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्. बाळ पोटात हलायला लागलं होतं, आणि एकदा माझ्या लक्षात आलं की हँगर वाजला की ते हलतं. योगायोग, मी स्वतःला बजावलं. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नव्हे, हे मी पहिल्याच तासाला शिकवते. तरी मी उठून खिडकी लावली, ती कायमचीच, आणि उकाड्यात घामाने भिजत, किल्ली मुठीत धरून पडून राहिले. मला भीती वाटत होती, स्पष्टच सांगते. मूल जाईल ही भीती होतीच. पण मूल येईल आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहील, आणि ते मोठीचे डोळे असतील, आणि आई त्याला माझ्या हातातून घेऊन 'आलीस का' म्हणेल, ही त्याहून मोठी होती. मग मी पुन्हा कोण? दोघींच्या मधली पायरी.

सातव्या महिन्यात एका दुपारी पित्त उसळलं. बेसिनपर्यंत कशीबशी पोचले. आई धावत आली, एका हाताने माझं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठीवरून हात फिरवू लागली, वरून खाली, वरून खाली.

"होऊन जाऊ दे," ती म्हणाली. "तुझ्या वेळी माझं असंच. पहिले तीन महिने घोटभर पाणी टिकायचं नाही. मोठी यायची, स्टुलावर चढायची आणि अशीच पाठीवरून हात फिरवायची. एवढासा हात तिचा."

मी तोंड धुतलं. नळ चालू राहिला.

"कोण यायची?"

"मोठी. आणखी कोण होतं घरात?"

"माझ्या वेळी?"

"मग? तिच्या वेळी मला काही त्रासच नव्हता."

आईने नळ बंद केला आणि मला टॉवेल दिला. तिने काही विशेष सांगितलंय असं तिला मुळी वाटलंच नव्हतं. आणि मी तिथे, ओल्या तोंडाने, ती वजाबाकी केली. मोठी जिवंत होती. स्टुलावर चढत होती. आणि मी आधीच पोटात होते. मी कोणाच्या जागी आलेली नव्हते! ती गेली तेव्हा मी आधीच निघालेली होते, माझ्या वाटेने, माझी मी. मला हसायला आलं, रडायलाही आलं, आणि डॉक्टरणीचं सगळं म्हणणं गुंडाळून ठेवून मी जवळजवळ पळतच पुढच्या खोलीत गेले.

बाबा बूट पॉलिश करत होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, जायचं कुठे नसतं, तरी रोज दुपारी ते बूट पॉलिश करतात.

"बाबा, तुमचा तक्ता चुकलाय."

"चुकलेलाच आहे. सगळे म्हणतात." ब्रश चालूच होता.

"तसं नाही. मी त्यात नाहीये. आई आत्ता म्हणाली. मोठी होती तेव्हा मी पोटात होते. नऊ महिने वजा करा म्हणून लोक तुमच्या कानीकपाळी ओरडत होते, आणि तुमच्या घरातच..."

"मला माहीत आहे तू केवढी होतीस ते."

"मग?"

"मग काही नाही. तू त्यात आहेस."

"कशी असेन? साधा हिशोब आहे!"

"आधी बस," बाबा म्हणाले. त्यांनी ब्रश खाली ठेवला, मग पुन्हा उचलला, आणि त्याच्या केसांकडे बघत बोलू लागले. "तेव्हा मी वर्गात ते फ्रिजवाल्याचं शिकवायचो. एकच मूल, पण त्याला सगळं नीट. नुसतं शिकवत नव्हतो गं, मला पटलेलं होतं. नोकरी कच्ची, घर भाड्याचं. मोठीला चांगल्या शाळेत घालायचं होतं. आणि तुझी चाहूल लागली. मी म्हटलं, नको. तुझी आई आधी गप्प राहिली. मग हो म्हणाली. दवाखान्यात नाव घातलं, दिवस ठरला."

मी उभीच होते.

"त्या आठवड्यात मोठीला ताप भरला. जो दिवस ठरला होता त्या दिवशी आम्ही घरीच होतो. घर माणसांनी भरलेलं. दवाखान्यातून एकजण विचारायला आला, का आला नाहीत म्हणून. त्याने दारातल्या चपलांचा ढीग पाहिला आणि न विचारताच परत गेला. त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही. कधीच नाही. तू वाढत राहिलीस."

"म्हणजे..."

"पोटात असणं आणि घरात येणं यांच्या मध्ये एक निर्णय असतो. नऊ महिने वजा केले की तोही वजा होतो. टीका करणारे हिशोबाने बरोबर होते. मी त्यांना काय सांगणार? कोणाचं उदाहरण देणार?" आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वजाबाकी केली असती तर तू तक्त्याबाहेर गेली असतीस, आणि ते खोटं झालं असतं."

"म्हणजे ती मेली म्हणून मी आहे."

"हो," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं आकड्यांत म्हणत आलो. तोंडाने आज म्हटलं."

मला बसावंच लागलं. पाच मिनिटांपूर्वी मी सुटले होते. आता त्याहून वाईट जागी येऊन पडले. भरपाईचं मूल निदान कोणाला तरी हवं असतं, गेलेल्याच्या जागी का होईना. मी तर आधी नको होते आणि मग राहून गेले. मला बाबांचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यात जास्त तिचा आला, पाच वर्षांच्या पोरीचा, जी स्वतः मरून मला हे सगळं देऊन गेली. मी पोटावर दोन्ही हात धरून बसले, बाळाचे कान झाकल्यासारखे.

आई दारात उभी होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. बहुतेक सगळं.

"सांगितलंत," ती बाबांना म्हणाली. "बरं केलंत. मग उरलेलंही सांगायचं."

"उरलेलं तुझं आहे," बाबा म्हणाले.

आई माझ्यासमोर जमिनीवर बसली. गुडघे कुरकुरले तिचे. "तुझं हे नाव कोणी ठेवलं वाटतं तुला?"

"कोणतं नाव?"

"धाकटी. आम्ही नाही ठेवलं. आमचं तर ठरलेलं होतं. तिला कोणी सांगितलं देव जाणे, शेजारीणबाई बोलल्या असतील. एक दिवस आली आणि माझ्या पोटाला तोंड लावून विचारलं, धाकटी उठली का? तेव्हापासून रोज. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि पहिलं हेच. धाकटी जेवली का. धाकटीला ऐकू येतं का. मुलगीच आहे हेही तिनेच ठरवलं. आम्ही दोघं एका बाजूला आणि ती एकटी एका बाजूला. आम्ही तिला काही बोलू शकलो नाही."

बाबांनी मान खाली घातली.

"शेजारीणबाईंनी मायेने एक टोपडं आणून दिलं, त्यांच्या मुलाचं. त्यांना काय माहीत. मी ते फडताळात कोंबलं. मोठीने शोधून काढलं. स्वतःचा फ्रॉक खुंटीवरून काढून खाली टाकला आणि ते हँगरला लावलं. मला म्हणाली, धाकटीचं काहीही आणलं ना, आधी मला दाखवायचं. मी बघणार, मग तिला द्यायचं." आईने पदराने नाक पुसलं. "ते टोपडं तिथे लटकत होतं, धाकटे, आणि त्याच खोलीत मी दवाखान्याची पिशवी भरत होते."

खिडकी बंद असलेल्या मधल्या खोलीतून कसलाही आवाज आला नाही.

"म्हणून दाखवते," आई म्हणाली. "तिचं म्हणून नाही लावत मी. तुझं म्हणूनच लावते. तिने सांगितलं होतं, आणि मी तिचं एवढंच ऐकू शकले. हे म्हणतात ती गेली म्हणून तू आलीस. असेलही. मला वाटतं, तिला तू हवी होतीस, म्हणून आलीस. मला तुमच्यासारखं वजा नाही करता येत."

मग बाबांनी चमकणारे बूट उचलून जागेवर नेऊन ठेवले, आणि परत येताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला पॉलिशचा वास होता. मी हात झटकला नाही. माफही केलं नाही, निदान त्या दिवशी तरी. त्याला वेळ लागेल आणि तो लागू द्यायचा असं मी ठरवलंय.

मी मधल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी त्या खुंटीकडे नीट पाहिलं नव्हतं. तिच्यावरचा रंग एका बाजूला उडालेला होता, खालच्या अंगाला, जिथे एक लहान हात वर करून पोचत असणार तिथे. या घरात मला पहिल्यांदा कोणी हाक मारली तर तिने. मी मोजली जाण्याआधी, मला ठेवायचं की नाही हे ठरत असताना, एक पोरगी स्टुलावर चढून माझी बाजू घेत होती, आणि मी चाळीस वर्षं तिच्यापासून पळत होते. सहाव्या वाढदिवशी माझ्या फ्रॉकची कड धरून कोणी मागे ओढत नव्हतं. बघत होतं, असं आज वाटतं. मला तशी खूप उशिरा अक्कल येते.

गळ्यातली किल्ली काढली. बॅग उघडली, तळाशी हात घातला आणि निळा कोट बाहेर काढला. त्याच्या लाकडी गुंड्या एक एक करून लावल्या, मी काही घाईत नव्हते. उभ्याने वाकता येईना म्हणून पलंगाच्या कडेला धरून जमिनीवर बसले. तशी बसल्यावर खुंटी बरोबर हात वर करून पोचण्याएवढी उंच आली. झबलं होतंच तिथे. त्याच्यावर मी कोट अडकवला.

आजवर मी तिला सगळ्यांसारखी मोठीच म्हणत आले होते. बहिणीला बहीण ज्या नावाने हाक मारते ते माझ्या तोंडातून कधी निघालं नव्हतं.

"ताई," मी म्हटलं. "बघ."

बाळ हललं. हँगर स्थिर होता, खिडकी मीच लावलेली होती.

"एक दिवस बघ," मी तिला म्हटलं. "मग मला दे. लागेल आता."